बँडमधलं गाणं नेमकं कोणाचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. प्रश्न गाण्याचा आहे आणि माणसांचाही, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आमचा चौघांचा मराठी रॉक बँड आहे. मी गाते आणि गाणी लिहिते. बाकी गिटार, बेस, ड्रम्स. २०१६ साली कॉलेजात असताना सुरू केला. मी ठाण्याची, गिटारिस्ट बोरिवलीचा, दोघं डोंबिवलीचे, म्हणून सगळ्यांना सोयीची अशी दादरजवळची जॅमरूम (सरावाची खोली) तासावर घ्यायचो. वहीतल्या चार ओळी मी गुणगुणत न्यायची, गिटारिस्ट त्याखाली कॉर्ड शोधायचा, ड्रमर म्हणायचा, "चार मात्रांत नको, सहात घेऊन बघू," आणि गाणं वळण घ्यायचं. बेसवाल्याने एकदा चुकून एक स्वर आधीच वाजवला, तोच आमच्या पहिल्या गाण्याचा हुक, म्हणजे डोक्यात बसणारा तुकडा झाला. गाणं कोणाचं, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही यायचा नाही.

२०२० मध्ये जॅमरूम बंद झाली. गिटारिस्ट घरी बसून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग शिकला, फार कष्टाने शिकला, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तेव्हापासून गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर तयार होऊनच येतं. ड्रम्स प्रोग्रॅम केलेले, बेस त्यानेच वाजवलेला, वर 'ला ला' करून गायलेली चाल. मी त्यात शब्द बसवायचे. ड्रमरने एखादा फिल (दोन ओळींमधला ड्रमचा तुकडा) बदलला की "डेमोसारखंच ठेव ना" असं उत्तर मिळतं.

मागच्या महिन्यात माझ्या ओळीतला 'पागोळ्या' हा शब्द गेला. चालीत तिथे दोनच अक्षरांची जागा होती, म्हणून 'थेंब' आला. पण गाणं पाऊस थांबल्यावर चाळीच्या गॅलरीत बसलेल्या बाईचं आहे! आभाळ मोकळं झालं तरी पागोळ्या गळत राहतात, तेच तर मला सांगायचं होतं. पूर्वी अशा वेळी चाल हलायची, शब्द नाही.

आता चार गाणी रिलीज करायची आहेत. फॉर्ममध्ये संगीतकाराच्या रकान्यात त्याने चारही गाण्यांना फक्त स्वतःचं नाव लिहिलंय. त्यातली दोन गाणी जॅमरूममध्ये झालेली आहेत. त्याचं म्हणणं, अरेंजमेंट (वाद्यांची मांडणी) आणि मिक्सिंग (सगळे आवाज जुळवणं) दोन्ही मीच केलं. लहानपणी रेडिओवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायकाचं नाव सांगायचे, ते मला फार आवडायचं. पण त्या तीन नावांत बेसवाल्याचा तो चुकलेला स्वर कुठे बसवू?

बँडमध्ये असलेल्यांनी सांगा: श्रेय कसं वाटता? आणि मैत्री न तोडता हा विषय काढायचा कसा?

प्रतिसाद १

श्रेय आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या करा. आर.ई.एम. या अमेरिकन बँडने गाणं कोणीही सुरू केलेलं असो, चौघांची नावं लावली. क्वीन या ब्रिटिश बँडमध्ये चौघंही वेगवेगळी गाणी लिहायचे आणि ज्याचं गाणं त्याचं नाव. १९८९च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी बँडच्या नावावर केली. उलट बाजूला पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश बँड. सुरुवातीची बहुतेक गाणी सिड बॅरेटची, तो १९६८ मध्ये बाहेर पडला. पुढे शब्दांची सूत्रं हळूहळू रॉजर वॉटर्सकडे गेली आणि १९८३च्या अल्बमची सगळी गाणी त्याचीच होती. १९८५ मध्ये तोही बाहेर पडला. एका दिवसात नाही झालं हे, अल्बमगणिक सरकत गेलं. तुमच्याकडे सरकायला सुरुवात झालीय, एवढ्यातच बोला.

प्रतिसाद २

कायद्याचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण ही तीन वेगळी कामं धरली जातात. तुमचे शब्द तुमचेच आहेत. मिक्सिंग केलं म्हणून कोणी चालीचा कर्ता होत नाही. ते काम ध्वनिमुद्रणाचं. जिथे दोघांचं योगदान एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही, तिथे संयुक्त कर्तृत्व येतं. जॅमरूममधल्या गाण्यांना ते लागू होऊ शकतं, पण पुरावा लागेल, तेव्हा जुनी मोबाइल रेकॉर्डिंग सांभाळा. रिलीजच्या आधी प्रत्येक गाण्यातल्या वाट्याचे टक्के एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. कागद साधा असला तरी चालेल, पण लेखीच करा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था मुंबईतच आहे, चौकशी करून सभासद व्हा.

प्रतिसाद ३

मी तुमच्या गिटारिस्टच्या जागेवर होतो, म्हणून त्याची बाजू मांडतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकट्याने बसून केलेल्या कामावर सकाळी ग्रुपवर नुसता अंगठा येतो, तेव्हा वाटायला लागतं की गाणं आपणच ओढतोय. जॅम बंद झाले तेव्हा बाकीच्यांनीही त्याला एकटं सोडलं नव्हतं ना, हे स्वतःला विचारा. आमच्यात एकच नियम केला, डेमो अर्धाच पाठवायचा. गिटार आणि ठेका, बास. उरलेलं खोलीत. गाणी कमी होतात, पण चौघांची होतात.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. तिसरा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प बसले. खरंय, मीही कित्येकदा अंगठाच पाठवला. फॉर्म पुढे पाठवू नकोस म्हणून आज त्याला फोन केला, थांबतो म्हणाला. रविवारी दादरला तीन तास घेतलेत. २०१६ची वही आणि मोबाइलमधली जुनी रेकॉर्डिंग नेणार आहे. आधी ती सगळ्यांनी मिळून ऐकू, मग टक्क्यांचा कागद काढेन. आणि 'पागोळ्या' त्या चालीत बसवून बघू या, असं त्याला तिथेच सांगणार आहे. ठेका अर्धी मात्रा लांबवला तर बसेल, असं ड्रमर म्हणतोय.