डी-विंगच्या डक्टमधलं मान मुरडलेलं कबूतर

सेक्रेटरी: डी-विंगच्या डक्टमध्ये छज्जावर एक कबूतर गोल गोल फिरतंय, मान पार उलटी. खाली दोन मेलेली. व्हिडिओ टाकलाय. बर्ड फ्लू नाही ना?

ए-६०२ (व्हेट): लक्षणं पॅरामिक्झो विषाणूची जास्त वाटतात. कोंबड्यांच्या राणीखेतचा, म्हणजे मानमोडीचा जो विषाणू, त्याचाच कबुतरांत मुरलेला प्रकार. व्हिडिओत तो दाणा टिपताना बघा: चोच दाण्यावर न पडता बोटभर बाजूला आपटतेय. भूक असूनही खाता येत नाही, म्हणून उपासमारीनेच बरेच मरतात. विष्ठा म्हणजे पाण्याचं थारोळं आणि त्यात हिरवी बारीक वेटोळी. पण शिशाच्या विषबाधेने आणि साल्मोनेला जिवाणूनेही मान वळते. खात्री लॅबच्या पीसीआर चाचणीनेच.

बी-१०३ काकू: अहो, पण हे आपल्याकडे आलं कुठून?

सी-४०४ (मायक्रोबायोलॉजी): काकू, हा प्रकार १९७० च्या दशकाच्या शेवटी मध्यपूर्वेत दिसला, १९८१ मध्ये युरोपात पोचला, तिथून जगभर. आपल्या इमारतीपुरतं म्हणाल तर गच्चीवरचं दाण्याचं ताट. विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो, बाकीची त्याच ताटात खातात. लक्षणं दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि त्याआधीच पक्षी विषाणू सोडायला लागतो. वरून ठणठणीत दिसणारंच जास्त पसरवतं.

डी-२०१: म्युटेशन होऊन माणसात येईल का?

सी-४०४: आरएनए विषाणू आहे. सुमारे १५,००० जनुकीय अक्षरांची नक्कल काढताना चुका दुरुस्त करणारी सोय नाही, त्यामुळे बदल साचत राहतात. पण फ्लूसारखे ८ तुकडे नाहीत, एकच सलग धागा. दोन विषाणू एका पक्ष्यात भेटले तरी पत्ते पिसल्यासारखी अदलाबदल होत नाही. खरी भीती कोंबड्यांची. कबुतरातून आलेला विषाणू कोंबडीत सुरुवातीला बऱ्याचदा मवाळ असतो. एकीतून दुसरीत फिरत गेला की जहाल होतो. प्रयोगांत असं दिसलं की पेशीत शिरायला लागणारं फ्यूजन प्रथिन तसंच राहिलं, बदल झाले ते नक्कल काढणाऱ्या प्रथिनांत. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या गोदीतल्या धान्यावर कबुतरांची घाण पडली, ते खाद्य पोल्ट्रीत गेलं आणि साथ आली.

ए-६०२: माणसाला बहुतेक वेळा फक्त डोळे येतात, आठवडाभरात बरे होतात. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना, म्हणजे केमो किंवा ट्रान्सप्लान्टच्या पेशंटना, क्वचित गंभीर न्यूमोनिया झालाय. त्यांनी डक्टकडची खिडकी बंद ठेवा. सुक्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसं खराब होतात तो वेगळा आजार, त्यात विषाणूचा संबंध नाही.

सेक्रेटरी: मग डक्ट उद्या झाडून घेऊ का?

ए-६०२: सुका झाडू अजिबात नको!! धूळ उडते. एन-९५, चष्मा, रबरी हातमोजे. आधी साबणाचं पाणी फवारून १५ मिनिटं मुरू द्या. विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. मग खरवडून पिशवीत. जागा साफ झाल्यावरच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक): ४-५ टक्क्यांचा असेल तर १ भाग हायपो, ९ भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवर थेट ओतलात तर क्लोरीन घाणीवरच संपून जातो, विषाणू तसाच. आणि सफाईवाल्याला बजावून सांगा, टॉयलेट क्लीनर मिसळायचा नाही, विषारी वायू होतो.

बी-१०३ काकू: आणि मेलेली?

ए-६०२: हातमोजे घालून दुहेरी पिशवीत, तोंड बांधून. पालिकेला कळवून मगच हलवा, फ्लू नाही हे लॅबच सांगेल. जिवंत आहे त्याला खोक्यात घालून परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलात नेता येईल. विषाणूवर औषध नाही; हाताने भरवलं तर काही वाचतात, पण मान सरळ व्हायला आठवडे लागतात. वाचलेलं पुन्हा लगेच थव्यात सोडू नका.

डी-२०१: वॉचमनच्या दोन कोंबड्या आहेत पार्किंगमागे.

ए-६०२: आजच आत घ्या, खाद्य झाकून ठेवा. लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, दिलीय का विचारा. लस घेतलेली कोंबडी सहसा आजारी पडत नाही, पण लागण झाली तर विषाणू सोडू शकते, तेव्हा अंगणात मोकळी नको.

सेक्रेटरी: ताट काढायला सांगितलंय. ए-विंगच्या गच्चीवर पाण्याचं भांडंही आहे, ते कोणाचं?