चौरस खोलीसाठी मोठे स्पीकर घ्यावेत का?

सांगलीत विश्रामबागेतील १२ बाय १२ फुटांच्या खोलीत मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर घ्यावेत का, असा मूळ प्रश्न आहे. त्यावर इतरांची चर्चा मात्र किती वॅटची शक्ती लागेल, या आकड्यांभोवतीच फिरते आहे. माझ्या मते आधी खोलीचा विचार व्हायला हवा. १२ फूट अंतरावरील समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला अनुनाद (भिंतींमध्ये परावर्तित होऊन ठरावीक स्वर घुमणे) सुमारे ४७ हर्ट्झला निर्माण होतो, आणि खोली चौरस असल्याने भिंतींच्या दुसऱ्या जोडीचाही तिथेच पडतो. परिणामी मोठ्या वूफरचा (स्पीकरमधील खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा) त्या स्वराजवळचा खर्ज भिंतींलगत घुमतो आणि खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर कितीही महाग असला तरी हे टळत नाही.

म्हणून येथे इतका खोल खर्ज फारसा न काढणारे, भक्कम स्टँडवरचे छोटे स्पीकरच योग्य वाटतात. बीबीसीने १९७०च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाड्यांतील अपुऱ्या जागेसाठी घडवलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर आजही मानवी आवाजासाठी नावाजला जातो. अशा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत निघणारा आवाज, कमी असते, हे खरे. ९० ऐवजी ८४ डेसिबलचा स्पीकर तेवढ्याच आवाजासाठी चौपट शक्ती मागतो. वॅटचा मुद्दा तिथे लागू पडतो.

मिरज जवळच आहे. तेथील तंतुवाद्य कारागिरांकडे जुळवलेला तंबोरा आधी समोर बसून ऐकावा आणि मग तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावावे. जवारीचा (घोडीवर तार हलकेच घासून उमटणारा) झंकार पत्र्यासारखा कानाला लागला, तर ती जोडी नाकारावी. खर्जाची तार फुगलेली वाटली, तर स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घेऊन पुन्हा ऐकावे.