स्वस्तातलं अ‍ॅनलॉग ड्रम मशीन: घ्यावं की सॅम्पलवरच भागवावं?

ठेकेदार

आधीच बाजू घेऊन टाकतो: घरी बसून संगीत करणाऱ्याने एक स्वस्तातलं अ‍ॅनलॉग ड्रम मशीन (म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांऐवजी विजेच्या सर्किटमधून ठेका वाजवणारं यंत्र) घ्यावंच. कॉर्गचं वोल्का बीट्स, बेहरिंगरचं आरडी-६, आर्टुरियाचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट, यांपैकी काहीही. माझ्याकडे लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस आणि एक सिंथ आहे. ड्रम सगळे सॅम्पलचे, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजांचे, माऊसने ग्रिडवर ठिपके मांडून केलेले. चार बार झाले की कॉपी-पेस्ट. ठेका चुकत नाही, पण जागचा हलतही नाही. हाताशी नॉब असले तर वाजता वाजता किक (मोठ्या ड्रमचा खोल ठोका) लांबवता येईल, हॅट (जोडझांज) उघडता-मिटता येईल आणि गाणं पुढे सरकेल, असं मला वाटतं. विरोधातली मतं जरूर द्या, फक्त "सॅम्पल फुकट मिळतात" एवढ्यावर थांबू नका.

मिक्सवाली

नाही थांबत. तुमच्या दोन इनपुटांपैकी निदान एक सिंथने अडवलेलं असणार. वोल्का बीट्सला बाहेर पडायला हेडफोनचा एकच जॅक आहे. किक, स्नेअर (कडक तडाख्याचा ड्रम), हॅट सगळं एका गठ्ठ्यात येणार. नंतर हॅट टोचते म्हणून वरच्या फ्रीक्वेन्सी कापल्या की स्नेअरचा तडाखाही गेला. सॅम्पल वापरताना प्रत्येक आवाजाला आपला ट्रॅक असतो, त्याची किंमत तो नसला की कळते.

दुसरं म्हणजे आवाज साठत नाही. इम्पॅक्टमध्ये पॅटर्न सेव्ह होतो, नॉब कुठे होते ते होत नाही. आठवड्याने तेच गाणं उघडलं की किक वेगळी. लोक नॉबचे फोटो काढून ठेवतात, यावरून काय ते समजा.

आणि ज्याला अ‍ॅनलॉग म्हणून डोक्यावर घेताय त्या वोल्का बीट्समधले क्लॅप, क्लेव्ह्ज, अगोगो आणि क्रॅश हे पीसीएम, म्हणजे सॅम्पलच आहेत.

सोल्डर

रोलँडच्या जुन्या टीआर-९०९ ड्रम मशीनच्या हॅट आणि सिम्बलही सॅम्पलच्याच होत्या, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण मूळ मुद्दा सर्किटचा आहे, तो नीट मांडतो, कारण "अ‍ॅनलॉगमध्ये ऊब असते" छाप बोलण्याने या विषयाची फार वाट लागली आहे.

रोलँडच्याच टीआर-८०८ च्या किकमध्ये ब्रिज्ड-टी नावाचं एक रेझोनंट सर्किट आहे. ट्रिगरचा क्षणभराचा धक्का बसला की ते टोल दिलेल्या घंटेसारखं, साधारण ५० हर्ट्झला घुमतं आणि विरत जातं. आता डिके, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, लांब ठेवून दोन किक जवळजवळ टाका. पहिलीचा घुमारा चालू असतानाच दुसरा धक्का येतो. लाट त्या क्षणी वर आहे की खाली, यावर दुसऱ्या किकचा आकार ठरतो. कधी ती भरदार निघते, कधी पोकळ. टेम्पो जरा बदला, हेही बदलतं. साध्या सॅम्पलमध्ये पहिली किक कापली जाते आणि दुसरी पुन्हा त्याच आरंभापासून, त्याच आकारात वाजते.

हॅटचं तर याहून मजेदार. आत सहा स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर, म्हणजे सतत सूर काढणारी सर्किटं, अखंड चालू असतात, एकमेकांशी न जुळणाऱ्या सुरांत. हॅट वाजते म्हणजे तो आवाज गाळून त्याचा एक तुकडा बाहेर सोडला जातो. ऑसिलेटर कुणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे दर वेळी निराळा तुकडा सापडतो. आरडी-६ ज्याच्यावर बेतलंय त्या १९८१ च्या टीआर-६०६ मध्येही हीच युक्ती आहे. सोळा हॅटची ओळ म्हणूनच एकसुरी वाटत नाही. ठेकेदार, तुमचा ठेका "हलत नाही" याचं एक कारण इथे आहे.

वोल्काचा स्नेअर पातळ आहे, हे मात्र मान्य. त्यातला एक कपॅसिटर बदलून तो सुधारणारे बरेच आहेत.

शांत_चॅनल

सोल्डर यांचं सर्किट बरोबर, निष्कर्ष नाही. घुमाऱ्यावर घुमारा चढणं, ऑसिलेटर मोकळे सोडणं, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. खुद्द रोलँडने २०१४ मध्ये टीआर-८ आणलं ते डिजिटल. जुन्या सर्किटचं वागणं त्यात गणिताने उभं केलंय. वर बेस, गाणारा गळा आणि कॉम्प्रेसर आला की हॅटचा कुठला तुकडा बाहेर पडला हे कोणाला ऐकू येणार आहे? हेडफोन लावून एकटी हॅट ऐकणारे श्रोते मला तरी भेटलेले नाहीत.

लूपमध्ये

श्रोत्याला कळावं म्हणून घेतं कोण? वाजवणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून घ्यायचं.

शिवाय स्वस्त म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ८०८ चाच इतिहास बघावा. १९८० साली खऱ्या ड्रमची सॅम्पल वाजवणारं लिन एलएम-१ आलं, त्याच वर्षी ८०८. लिनची किंमत ८०८ च्या चौपट. त्या काळी ८०८ ला हिणवायचे, कारण ते खऱ्या ड्रमसारखं वाजायचं नाही. जेमतेम १२,००० नग निघाले आणि १९८३ मध्ये उत्पादन बंद. मग सेकंडहँड बाजारात पडेल भावाने मिळायला लागलं, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी त्यावर हिपहॉप, हाऊस, टेक्नो उभं केलं.

मिक्सवाली

छान इतिहास, पण तो तुमच्याच विरोधात जातो. त्या मंडळींनी अ‍ॅनलॉग म्हणून नाही, हाताला लागलं ते सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणून ८०८ उचललं. आज सगळ्यात स्वस्त काय आहे? ठेकेदारांच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून पडलेला सॅम्पलर. नॉबच फिरवायचे असतील तर साधा मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायची नॉबची पेटी, घ्या.

सोल्डर

कंट्रोलरचा कुठला नॉब कशाला जोडायचा हे ठरवण्यातच संध्याकाळ जाते. ड्रम मशीनवर "डिके" लिहिलंय तिथे डिकेच आहे.

गठ्ठ्याची अडचण सुटते. आरडी-६ ला आवाजांचे वेगवेगळे आउटपुट आहेत, इम्पॅक्टलाही किक-स्नेअर-हॅटचे आहेत. इनपुट कमी पडले तर बाकी सगळं म्यूट करून एकटी किक रेकॉर्ड करायची, मग स्नेअर, मग हॅट. लॅपटॉपच्या क्लॉकवर, म्हणजे त्याने पाठवलेल्या लयीच्या ठोक्यांवर, मशीन चालत असलं की तुकडे जुळतात, फार तर सुरुवात थोडी सरकवावी लागते.

शांत_चॅनल

म्हणजे हातासरशी, जिवंत वाजवायला मिळावं म्हणून मशीन आणायचं आणि मग एकेक आवाज सुटा करून कारकुनी करायची! इम्पॅक्टचं डिस्टॉर्शन (आवाज फाटवणारा इफेक्ट) मुख्य आउटपुटवर आहे. किक आणि हॅट त्यातून एकत्र गेल्या की किक हॅटला दाबते, मजा त्यातच आहे. सुटं रेकॉर्ड केलंत की ती गेली.

आणि क्लॉक म्हणाल तर मिडी एका बीटला २४ ठोके पाठवतं, वोल्काच्या सिंक जॅकला दोन लागतात. सेटिंग चुकलं की मशीन भलत्याच लयीत धावतं. अवघड नाही, पण "लावलं आणि वाजलं" असंही नाही.

सोल्डर

मग सुटं करूच नका. मशीनवरच पातळ्या नीट लावा, डिस्टॉर्शनसकट गठ्ठा रेकॉर्ड करा आणि त्याला हात लावू नका. सगळं नंतर मिक्समध्ये बघू, या सवयीमुळेच अर्धी गाणी अर्धवट राहतात.

मिक्सवाली

गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली आणि किक बेसशी भांडायला लागली की बोलू.

ठेकेदार

वोल्का बाद, मला सोल्डरिंग जमत नाही. इम्पॅक्ट आणि आरडी-६ उरले. गठ्ठा रेकॉर्ड करायचं पटतंय, पण किक तरी वेगळ्या ट्रॅकवर हवी; बाकीचं एकत्र चालेल. म्हणजे मशीनला दोन इनपुट, सिंथला एक, आणि इंटरफेसवर आहेत दोनच.

मिक्सवाली

म्हणजे आधी इंटरफेस बदला. मी पहिल्यापासून दुसरं काय सांगतेय?

लूपमध्ये

सिंथ आधी रेकॉर्ड करून केबल काढून ठेवा ना. दोन्ही इनपुट मोकळे.