बॅटरी डिकीत आहे आणि बॅटरी उतरल्यामुळे डिकीच उघडत नाही : मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्याकडे २०१२ सालची, पहिल्या मालकाकडून वापरलेली घेतलेली एक जर्मन सेडान आहे. गाडीचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर सारखे पडावे म्हणून तिची बॅटरी बॉनेटखाली न ठेवता डिकीत, उजव्या कोपऱ्यातील झाकणाखाली बसवलेली आहे. आम्ही उभयता पाच आठवडे मुलीकडे गेलो होतो. तेवढे दिवस गाडी पुण्यातील आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये एकाच जागी उभी होती, आणि परवा परत येऊन पाहतो तर बॅटरी पूर्ण उतरलेली. रिमोटचे बटण दाबले तर गाडी हूं की चूं करत नाही. रिमोटमधला सेल संपला असेल या भाबड्या आशेने तोही बदलून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही.

रिमोटच्या पोटात पात्याची किल्ली असते, ती काढून चालकाकडचे दार उघडता आले. डिकी मात्र बंदच आहे. दारावरचे बटण, रिमोट आणि डिकीवरचे रबरी बटण ही तिन्ही शेवटी एकाच छोट्या मोटारीला हुकूम देतात आणि ती मोटार बॅटरीवर चालते. डिकीच्या झाकणावर किल्लीचे एक छिद्र आहे खरे, परंतु इतक्या वर्षांत ते बहुधा कोणी वापरलेलेच नसावे. किल्ली अर्धी शिरते, पुढे जात नाही, आणि जोर केला तर पाते वाकेल असे वाटून मी हात आखडता घेतला.

गाडी ऑटोमॅटिक आहे. वीज नसल्यामुळे गियर पार्किंगमधून निघत नाही, त्यामुळे ती ढकलून वर आणता येत नाही, आणि आमच्या तळघराचे छत इतके बुटके आहे की टोइंगची गाडी आत येऊ शकत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेण्याची जंपर केबल आहे, पण (हसू नये) तीही डिकीतच आहे.

घाईचे कारण असे की सासूबाईंची घडीची व्हीलचेअर डिकीत आहे आणि गुरुवारी त्यांना तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचे आहे. एका गॅरेजवाल्याने फोनवरच झाकणाला भोक पाडण्याचा उपाय सुचवला. तो मला अजिबात पटलेला नाही. काही न फोडता डिकी उघडण्याचा मार्ग कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद १

ताई, मागच्या सीटची पाठ दुमडते का ते पाहा. अनेक गाड्यांमध्ये ती साठ-चाळीस अशा भागांत दुमडते आणि तेथून हात घालून डिकीतील वस्तू काढता येते. काही गाड्यांत मधल्या हातटेकणीमागे एक लहान दार असते. अमेरिकेत १ सप्टेंबर २००१ नंतर बनलेल्या मोटारींच्या डिकीत आतून उघडण्याची, अंधारात चमकणारी मूठ असणे नियमाने बंधनकारक आहे. त्यामुळे तिकडेही विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांत ती इथेही दिसते. सीटमधून काठी घालून ती ओढता आल्यास काम झाले.

प्रश्नकर्ती

सीट एकसंध आहे, दुमडत नाही. हातटेकणीमागे केवळ कापड आणि पत्रा आहे. विजेरी मारून पाहिले, मूठही दिसली नाही.

प्रतिसाद २

मी वीस वर्षे गाड्यांचे इलेक्ट्रिकचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. झाकणाला भोक पाडू देऊ नका. डिकीत बॅटरी असलेल्या गाड्यांमध्ये कंपन्या बहुधा बॉनेटखाली जंप देण्यासाठी वेगळे टोक काढून ठेवतात. डॅशबोर्डखालची बॉनेटची खटकी तारेची असते, तिला वीज लागत नाही. बॉनेट उघडून अधिक चिन्ह असलेली लाल किंवा काळी प्लॅस्टिकची टोपी शोधा. टोपी उचलली की आत जाड तांबडी केबल बसवलेला बोल्ट दिसेल, तोच डिकीतील बॅटरीचा धन टोक समजावा. ऋण बाजूसाठी जवळपासच बॉडीला बसवलेला, रंग न लावलेला खिळ्यासारखा दांडा असतो. ही टोपी सापडली नाही तर अल्टरनेटरच्या (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राच्या) मागचे जाड केबलचे टोकही चालते, पण तिथे हात घालायला जागा कमी असते आणि चिमटा घसरून बॉडीला लागला तर ठिणग्या उडतात, म्हणून तो उपाय कोणी माहितगार शेजारी उभा असेल तरच करावा.

चिमटे लावण्याचा क्रम चुकवू नका. आधी लाल चिमटा तुमच्या गाडीच्या धन टोकाला, मग लालचे दुसरे टोक मदतीच्या गाडीच्या बॅटरीच्या धनाला, नंतर काळा त्याच बॅटरीच्या ऋणाला, आणि सर्वांत शेवटी काळ्याचे दुसरे टोक तुमच्या गाडीच्या त्या दांड्याला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती जोडणी बॅटरीपासून लांब करायची. लगेच डिकीचे बटण दाबण्याची घाई नको. पूर्ण उतरलेली बॅटरी आधी स्वतःच करंट पिते, म्हणून मदतीच्या गाडीचे इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे.

दोन गोष्टी आणखी. वीज येताच गाडी दारे आपोआप बंद करू शकते आणि भोंगाही वाजू शकतो, म्हणून किल्ली गाडीत न ठेवता हातातच ठेवा. आणि छिद्रात तेल ओतू नका, त्याला धूळ चिकटून कुलूप आणखी जाम होते. ग्रॅफाइटची पूड फुंकून किल्ली हलकेच मागेपुढे करत राहावी.

प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. बॉनेटखाली उजव्या कोपऱ्यात, पाणी भरायच्या बाटलीच्या मागे, धुळीने माखलेली काळी टोपी सापडली. तिच्यावरचे अधिक चिन्ह ओल्या फडक्याने पुसल्यावरच दिसले. शेजाऱ्यांकडून केबल आणि त्यांची गाडी मिळवली. आपण सांगितल्याप्रमाणे शेवटचा काळा चिमटा लावताच भोंगा वाजला आणि तळघरातील दोन-तीन माणसे धावत आली. बारा मिनिटांनी डिकीचे रबरी बटण दाबले, आतून टक् असा आवाज आला आणि झाकण दोन बोटे वर उचलले गेले. व्हीलचेअर बाहेर काढली आहे.

आता उरलेला प्रश्न असा की पाच आठवड्यांत बॅटरी उतरावी इतकी वीज कशाला लागली? डिकीतील दिवा झाकण बंद झाल्यावरही जळत राहत असेल का, अशी शंका येते.

प्रतिसाद २

शंका रास्त आहे. पाच वॅटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी तो आठवडाभरातच संपवेल. पण दिवा निर्दोष असला तरी गाडीतील संगणक आणि अलार्म झोपेतही थोडे थोडे पीत असतात. ते ५० मिलिअँपिअर धरले तरी पाच आठवड्यांत ४२ अँपिअर-तास होतात. बॅटरी जुनी असेल तर एवढे पुरे आहे. दिव्याची खात्री करायची असेल तर मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवा आणि झाकण बंद करा. मात्र तोवर जंपर केबल जोडलेलीच असू द्या, नाहीतर मोबाइलही आतच राहील.

प्रश्नकर्ती

केबल जोडलेली ठेवूनच पाहिले. झाकण बंद होताच चित्र काळे पडले, म्हणजे दिवा निर्दोष आहे. बॅटरीवर २०१८ सालचा शिक्का आहे, तेव्हा दुसरे कारण शोधायला नको. ऋण टोक दहा नंबरच्या पान्याने सोडवून ठेवले आहे आणि नवी बॅटरी बसेपर्यंत झाकण लागू नये म्हणून कडेला जुना टॉवेल घडी करून घातला आहे. गुरुवारी दवाखान्यात दिरांच्या गाडीने जाऊ. आमची जंपर केबल आता पुढच्या सीटखाली ठेवली आहे.