सिंहगड उतरताना मांड्या थरथरतात, वय ५८

गडकरीण: तिशीपासून रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढते. पूर्वी पुणे दरवाजा तासाभरात यायचा, आता बराच जास्त वेळ लागतो. तेही चालेल. पण उतरताना मांड्या थरथरतात आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. डॉक्टर म्हणतात गुडघे ठीक आहेत. रोज भरपूर चालते, तरी असं का? गड सोडायचा नाहीये.

व्यायामशिक्षक (निवृत्त, ७१): ताई, गड मुळीच सोडू नका. वेळ वाढणारच, कितीही सराव असला तरी हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर खाली येते. मांड्यांचं मात्र तसं नाही, तिथे आपल्या हातात बरंच आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीपुढे जास्तच. त्यातही झटकन जोर लावणारे तंतू आधी जातात, आणि पाय घसरला तर सावरायला नेमके तेच लागतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार अडवून धरतो. सपाट रस्त्यावर त्याला हे काम फारसं पडतच नाही, मग चालून ती ताकद येणार कुठून?

खुर्चीवरून हात न लावता उठा आणि बसताना अगदी सावकाश खाली या. आठवड्यातून दोन-तीनदा, मधे एक दिवस सोडून. सोपं वाटलं की पाठीवर सॅक घ्या, तिच्यात तांदळाची पिशवी. भार वाढवत नेणं हेच खरं, तिथे बहुतेक जण कच खातात. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली होती. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुम्ही तर ५८ च्या!

वरणभात: ताटाकडेही बघा. या वयात किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलो वजनाला ६० ते ७२ ग्रॅम. पातळ वरणाने ते भागत नाही. मी सकाळी अंडी किंवा मुगाचं धिरडं, रात्री उसळ आणि दही असं बसवलंय. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गडकरीण: रक्तदाबाची गोळी चालू आहे. सॅक घेऊन उठबस चालेल?

व्यायामशिक्षक: दाब आटोक्यात असेल तर सहसा चालतं, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. सुरुवात सॅकशिवायच करा. श्वास कोंडून जोर लावू नका, त्याने दाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडा, बसताना घ्या.