आईच्या हिरड्यांचा प्रश्न: जंतूच आहेत तर गोळ्यांनी का भागत नाही? मदत हवी आहे

केळीवाला_चोपडा:
नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतोय, वय ५८, शुगर आहे बऱ्याच वर्षांपासून, मागचा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.६ आला. मिशरी लावते, सोडवायचे सगळे प्रकार करून झालेत. वर्षभरापासून भाकरीचा तुकडा तोडला तरी हिरडीतून रक्त येतं, तोंडाला वास येतो (ती स्वतःच लांब बसते बोलताना, वाईट वाटतं), आणि खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी बारीक खुणा असलेली काडी हिरडीत घालून मोजलं, कुठे ५ कुठे ६ मिलिमीटर, एक्स-रे काढला आणि म्हणाले पेरिओडाँटायटिस आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला पायरिया म्हणतात तो, हाड खाली गेलंय, भूल देऊन हिरडीच्या आतून डीप क्लिनिंग करावं लागेल, एका वेळी एक बाजू.

आई तयार नाही. तिचं एकच, "दात खरड्यात ते पडी जातीन". आणि शेजारच्या काकूंना मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यांचं रक्त थांबलं, म्हणून तिलाही गोळ्याच पाहिजेत. खरं सांगायचं तर मलाही इथे कळत नाहीये. जंतूंमुळे होतं म्हणतात, मग जंतू मारायचं औषध घेऊन का भागत नाही? टायफॉइडला तर भागतं ना? नेटवर वाचलं की पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस नावाचा एक जंतू मुख्य आहे, तर त्याचीच टेस्ट करून त्याच्यावरचीच गोळी असं काही नसतं का? आणि क्लिनिंगने दात खरंच ढिले होतात का, कोणी करून घेतलंय का घरात, जरा स्पष्ट सांगा.

भुसावळकर:
माझ्या मावशीचं केलं होतं डीप क्लिनिंग. नंतर दातात फटी दिसायला लागल्या, गार पाण्याने कळ यायची, तर ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली की डॉक्टरने दात बिघडवले. महिन्याभरात कळ गेली. फटी आहेत अजून पण दात जागेवर आहेत.

मीठपाणी:
भो, तुरटी आणि लवंग तेल. आमच्या आजीचे ऐंशीला पण सगळे दात होते.

हिरडीवाला:
मी पेरिओचंच, म्हणजे हिरड्यांच्या आजारांचंच काम करतो. तुमच्या आईला पाहिलेलं नाही त्यामुळे ट्रीटमेंट तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण टायफॉइडचा प्रश्न बरोबर विचारलात, तिथूनच सांगतो.

टायफॉइड हा बाहेरून आलेल्या एका जंतूचा आजार. हिरडीचं तसं नाही. माणसाच्या तोंडात जंतूंच्या ७०० च्या वर जाती सापडल्यात, त्यातल्या शेकड्याने निरोगी तोंडातही राहतात आणि काही त्रास देत नाहीत. दात घासल्यावर काही तासांतच स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू दाताला चिकटतात, मग त्यांच्यावर दुसरे, पुढे फ्युजोबॅक्टेरियम येतो, तो लांबट असतो आणि आधीच्यांना नंतरच्यांशी जोडतो, आणि थर जाड होऊन खाली हवा पोचेनाशी झाली की हवेशिवाय वाढणारे येतात. १९९८ साली सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी या जंतूंचे गट पाडले आणि गटांना रंगांची नावं दिली, त्यातल्या लाल गटात तुमचा पॉर्फिरोमोनस आहे, सोबत टॅनेरेला आणि ट्रेपोनेमा. खोल पॉकेटमध्ये (हिरडी दातापासून सुटून झालेल्या फटीत) हे तिघं बऱ्याचदा एकत्रच सापडतात. पॉर्फिरोमोनसला वाढायला लोह लागतं आणि ते तो रक्तातून घेतो, म्हणजे हिरडी सुजून रक्त यायला लागलं की त्याचं फावतंच. पण तो निरोगी माणसांतही थोड्या प्रमाणात सापडतो, म्हणून नुसती टेस्ट करून बहुतेक वेळा ट्रीटमेंट बदलत नाही.

आता गोळी का नाही. तुम्ही केळीवाले, ठिबक असेलच. लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या आत बुळबुळीत थर धरतो, त्यात क्षार बसतात आणि ड्रिपर चोक होतात. दातावर तेच, थराला बायोफिल्म म्हणतात, त्यात लाळेतलं कॅल्शियम बसून दगड होतो तो टार्टर. चिकट आवरणामुळे गोळीचं औषध आतपर्यंत नीट पोचत नाही. वरवरचे मरतात, सूज उतरते, रक्त थांबतं (काकूंचं झालं ते हेच असणार), आणि थर जागेवर असल्यामुळे काही आठवड्यांत परत सुरू. ठिबकला तुम्ही ॲसिड सोडून फ्लश मारता, दाताला ॲसिड लावलं तर दातच विरघळेल, म्हणून हाताने किंवा मशीनने काढावं लागतं. काही केसेसमध्ये क्लिनिंगसोबत अँटिबायोटिक देतोही, पण क्लिनिंगऐवजी नाही.

दात ढिले होण्याचं: हाड आधीच गेलेलं असतं आणि टार्टरच दातांना धरून ठेवल्यासारखं करतं, तो काढला की खरी परिस्थिती उघडी पडते. सूज उतरल्यावर हिरडी आवळते, बरेचदा हलणं थोडं कमीही होतं. गेलेलं हाड मात्र क्लिनिंगने परत येत नाही, पुढचं वाचवता येतं. हाड खाण्यात जंतूंपेक्षा त्यांच्याशी भांडणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीचा हात मोठा असतो.

केळीवाला_चोपडा:
ठिबकचं एकदम डोक्यात बसलं डॉक्टरसाहेब. मग शुगर आधी कंट्रोल करू आणि नंतर क्लिनिंग असं करावं का? आणि मिशरी सुटलीच नाही तर सगळं फुकट का?

हिरडीवाला:
दोन्ही बरोबर चालू द्या, थांबू नका. शुगर जास्त असली की हिरडी भरायला वेळ लागतो, आणि उलटही आहे, हिरडीची सूज असली की शुगर आटोक्यात यायला त्रास. डायबेटिसवाल्यांवरचे अभ्यास एकत्र पाहिले तर हिरडीच्या ट्रीटमेंटनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ च्या आसपास उतरलेला दिसतो. शुगरची गोळी बंद करण्याइतकं नाही, पण आईला सांगायला चांगला मुद्दा आहे.

फुकट नाही, पण फायदा कमी होतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे रक्त कमी दिसतं आणि माणसाला वाटतं हिरड्या ठीक आहेत. बिडी-सिगारेटवाल्यांत हे फार दिसतं. मिशरी घासल्याने हिरडी खाली सरकते ते वेगळंच.

भुसावळकर:
म्हणजे मिशरी सोडली की रक्त वाढेल? मग तर कोणीच सोडणार नाही.

हिरडीवाला:
सुरुवातीला वाढल्यासारखं वाटू शकतं, म्हणून आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर पेशंट दुसऱ्या दिवशी डबी उघडतो. आणि मीठपाणी, लवंगेने दुखणं दबतं, थर निघत नाही. आजींचे दात रोजच्या काडीने घासण्यामुळे राहिले असतील. १९६५ ला डेन्मार्कमध्ये लो नावाच्या संशोधकाने १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासायला लागल्यावर आठवडाभरात उतरल्या. ती फक्त सूज होती, हाड गेलेलं नव्हतं, म्हणून पूर्ण बरी झाली. तुमच्या वयाच्या लोकांनी याच स्टेजला लक्ष द्यावं.

केळीवाला, क्लिनिंगनंतर फटींसाठी छोटा बाटलीब्रश मिळतो तो रोज, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं, कारण थर परत धरतोच. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं तर दोनेक आठवडेच, जास्त वापरलं की दात तपकिरी होतात.

केळीवाला_चोपडा:
घरी वाचून दाखवलं. म्हणे एकच बाजू करून बघू, पडला दात तर तुला बघते. शेवटचं विचारतो, त्या दिवशी उपाशीपोटी न्यायचं का? आणि ती रक्त पातळ करायची गोळी पण घेते, ती बंद करू का?

हिरडीवाला:
उपाशी अजिबात नको. नाश्ता करून, शुगरची गोळी घेऊन, सकाळची वेळ घ्या. रक्ताची गोळी स्वतः बंद करू नका, नाव दंतवैद्याला दाखवा, लागलं तर ते फिजिशियनशी बोलतील. खर्च झेपत नसेल तर धुळ्याला एसीपीएम डेंटल कॉलेजमध्ये विचारा, कॉलेजला पेरिओचा वेगळा विभाग असतो.