मदत हवी आहे: प्रेग्नन्सीतलं बीपी आणि इम्युनिटी
मैत्रिणींनो, मला अकरावा आठवडा चालूये, दुसरं बाळ. पहिल्या वेळी ३४ व्या आठवड्यात बीपी १५०/१०० झालं, लघवीत प्रोटीन निघालं आणि घाईघाईत सिझर झालं (लेक आता ठणठणीत आहे). इतकी वर्षं वाटायचं मीच टेन्शन घेतलं म्हणून झालं, सासूबाईंचं अजूनही तेच मत आहे! पण आता डॉक्टर म्हणाल्या की यात आईच्या इम्युनिटीचाही हात असू शकतो, म्हणजे बाळात निम्मे जीन्स बाबाचे, ते शरीराने परके न समजता सांभाळून घ्यायचे असतात आणि गर्भाशयातल्या काही इम्यून पेशीच वारेकडे (प्लासेंटाकडे) जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात, तिथे गडबड झाली की वारेला रक्त कमी पडतं न मग पुढे बीपी चढतं. पहिलटकरणींना धोका जास्त त्याचं हेही एक कारण असावं म्हणे. मला पुढच्या आठवड्यापासून लो डोस अ‍ॅस्पिरिन आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीची (इम्युनिटी चुकून स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनवते त्या, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या अँटीबॉडी) टेस्ट सांगितलीये.

कोणाची ही टेस्ट पॉझिटिव्ह आली होती का, मग ट्रीटमेंट काय दिली? दुसऱ्या वेळी बीपी नॉर्मल राहिलं असं कोणी आहे का? आणि एक नणंद इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या घे म्हणून मागे लागलीये, मला तर उलटंच वाटतंय, की इम्युनिटी वाढवून त्रासच व्हायचा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाहीच, पण तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?